घरच्या संगणकाचा पत्ता

दुपारचा दीड वाजला होता. मुरबाडमधल्या आमच्या शाळेच्या संगणक खोलीत मी एकटाच बसलो होतो आणि शहापूरच्या माझ्या घरातला संगणक मला ओळख दाखवायला तयार नव्हता. पत्ता टाकावा, बटण दाबावे, गोल फिरणारी खूण अर्धा मिनिट बघावी आणि पुन्हा तेच वाक्य वाचावे. दूरच्या संगणकाशी संपर्क होऊ शकत नाही. तो चालू आहे का, नेटवर्कला जोडलेला आहे का, हे तपासा.

काम साधे होते, पण वेळेचे होते. आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांचे शोहर सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचा इंतकाल झाल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद सुरू झाले. त्यांत खालांचे नाव एका ठिकाणी माहेरचे, दुसऱ्या ठिकाणी सासरचे. म्हणून लग्नाचा पुरावा मागितला गेला. पुरावा होता, पण तो पन्नास वर्षांपूर्वीचा, हाताने लिहिलेला उर्दू निकाहनामा. कार्यालयात तो कुणालाच वाचता येईना. मी मराठी तर्जुमा करून दिला, तो जोडलाही गेला. पण फाइल पुढे पाठवायच्या दिवशी तीच दोन पाने सापडेनात. "साडेचारपर्यंत प्रिंट आणून द्या, सहीची प्रत मागाहून चालेल. नाहीतर पुढच्या महिन्यात बघू," असे खालांच्या मुलाला सांगण्यात आले. सात महिने खालांच्या हातात एक पैसा आला नव्हता. मुलगा ठाण्यात त्या टेबलापुढे उभा राहून मला विचारत होता, "सर, तुमच्याकडे असेलच ना?"

होता. शहापूरला, घरच्या संगणकात. एसटीने शहापूर गाठायचे तर तासभर, आणि अडीचला माझे चाचणी परीक्षेचे सुपरव्हिजन. बेगम आणि मुलगी कल्याणला गेलेल्या. घरात फक्त अब्बा. वय अठ्ठ्याहत्तर. आणि अब्बांनी गेल्या पंचवीस वर्षांत संगणकाला हात लावलेला नाही. का लावलेला नाही, ते पुढे सांगतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अशाच प्रसंगासाठी रिमोट डेस्कटॉपची सोय करून ठेवली होती. घरातल्या घरात, हॉलमधल्या लॅपटॉपवरून आतल्या खोलीतला संगणक उघडून बघितला होता. झकास चालले होते. मुरबाडहून मात्र दार बंद. त्या एका तासात मी जे शोधले आणि नंतर महिनाभर जे वाचले, ते इथे मांडतो. कारण त्या प्रत्येक अडचणीमागे एक इतिहास निघाला.

पलीकडे माणूस लागतोच

पहिला प्रश्न अगदी साधा: संगणक चालू आहे का? अब्बांना फोन लावला.

"अब्बा, माझ्या खोलीतल्या संगणकाच्या डब्यावर दिवा दिसतोय का?"

"कसला दिवा? सकाळी लाइट गेली होती. आली परत. पंखा फिरतोय."

पंखा आपोआप फिरतो, संगणक आपोआप सुरू होत नाही. वीज परत आली की संगणकाने स्वतःहून सुरू व्हावे, अशी एक सोय बहुतेक संगणकांच्या अगदी मुळाच्या सेटिंगमध्ये, म्हणजे बायोसमध्ये, असते. ती मी केली नव्हती. ज्या तालुक्यात पावसाळ्यात दिवसातून दोनदा वीज जाते, तिथे हे मला सगळ्यात आधी सुचायला हवे होते. अब्बांना मोठे गोल बटण सांगितले. बऱ्याच कुरबुरीनंतर त्यांनी ते दाबले.

नंतर वाचताना कळले की दूरचे यंत्र चालवण्याचा इतिहास असाच फोनवरच्या माणसाने भरलेला आहे. ११ सप्टेंबर १९४० रोजी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात गणितज्ञांचे अधिवेशन भरले होते. बेल प्रयोगशाळेच्या जॉर्ज स्टिबिट्झ यांनी तिथे एक टेलिप्रिंटर ठेवला. त्यांचे गणनयंत्र होते न्यूयॉर्कमध्ये, सुमारे ४०० किलोमीटर दूर. समोरच्या विद्वानांनी टंकलेले गणित तारेवरून न्यूयॉर्कला गेले आणि उत्तर तारेवरूनच परत आले. लांबचे गणनयंत्र वापरण्याचा हा पहिला नोंदलेला प्रयोग मानतात.

दुसरा प्रसंग २९ ऑक्टोबर १९६९ चा. कॅलिफोर्नियात चार्ली क्लाइन हा विद्यार्थी आपल्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या संगणकात 'लॉगिन' करायला बसला. पलीकडे बिल डुव्हाल होते आणि दोघे फोनवर बोलत होते. पहिले अक्षर गेले, पोचले का विचारले, पोचले. दुसरे गेले, पोचले. तिसऱ्या अक्षराला पलीकडची यंत्रणा कोसळली. तासाभराने दुरुस्ती करून पुन्हा प्रयत्न केला तेव्हा जमले. आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो त्याच्या पूर्वजावरचा, म्हणजे अर्पानेटवरचा, पहिला संदेश हा दूरच्या संगणकात शिरण्याचा फसलेला प्रयत्न होता. हे वाचले तेव्हा मला बरे वाटले. त्या दोघांकडेही टेलिफोन होता, आमच्याकडेही होता.

पाच नंबरचे घर, पण कुठल्या गावातले?

संगणक सुरू झाला, तरी संपर्क होईना. माझ्या वहीत घरच्या संगणकाचा पत्ता लिहिलेला होता: १९२.१६८.१.५. घरात याच पत्त्यावर सगळे चालले होते. तोच मी शाळेत टाकत होतो आणि इथेच माझी शुद्ध चूक होती.

इंटरनेटचे जुने पत्ते ३२ बिटांचे. सगळे मिळून ४२९ कोटी ४९ लाखांच्या आसपास होतात. सत्तर-ऐंशीच्या दशकात ही संख्या अफाट वाटली असणार. नव्वदीत लक्षात आले की हे पुरणार नाहीत. मग दोन उपाय आले. १९९४ मध्ये एका बाहेरच्या पत्त्यामागे अनेक यंत्रे बसवण्याची पद्धत लिहून निघाली. तिला नॅट म्हणतात. १९९६ मध्ये काही पत्ते खासगी म्हणून बाजूला काढले गेले. ते कुणीही आपल्या घरात, दुकानात, शाळेत वापरावेत, मात्र बाहेरच्या जगात त्यांना अर्थ नाही. १९२.१६८ ने सुरू होणारे सगळे पत्ते याच यादीतले.

म्हणजे १९२.१६८.१.५ हा 'पाच नंबरचे घर' एवढाच पत्ता झाला. गाव नाही, तालुका नाही. शहापुरातही पाच नंबरचे घर आहे, मुरबाडच्या शाळेतही आहे, जगभरात लाखो ठिकाणी आहे. मी शाळेत बसून हा पत्ता टाकला तेव्हा संगणकाने तो शाळेच्या आवारातच शोधला आणि उत्तर दिले की असे कुणी इथे नाही. खोटे बोलत नव्हता बिचारा.

नॅटचे काम समजून घ्यायला आमच्या भागातली आश्रमशाळा डोळ्यांसमोर आणा. वसतिगृहात दोनशे मुले, टपालाचा पत्ता एकच. एखाद्या मुलाने बाहेर पत्र पाठवले की अधीक्षक वहीत नोंद ठेवतात. त्या पत्राचे उत्तर आले की नोंद बघून बरोबर त्याच मुलाच्या हातात देतात. पण ज्याची वहीत नोंदच नाही असे पत्र बाहेरून आले आणि त्यावर मुलाचे नाव नसले, तर अधीक्षक ते कुणाला देणार? ठेवून देतात. आपल्या घरातला राउटर म्हणजे हे अधीक्षक. आतून बाहेर जाणारी वाट मोकळी. बाहेरून आत येणाऱ्या अनोळखी हाकेला उत्तर नाही.

यावर उपाय असतो. अधीक्षकांना सांगून ठेवायचे की अमुक खुणेचे पत्र आले की पाचव्या मुलाला द्या. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. सुट्टीत एका जाणकार दोस्ताने मला हे राउटरमध्ये करून दिले होते आणि घराचा बाहेरचा पत्ता कुठे बघायचा तेही सांगितले होते. तो पत्ताही वहीत होता. तो टाकून बघितला. तरीही दार बंद.

तार दारातून, चावी दुसऱ्याकडे

याचे कारण मला त्या दिवशी कळले नाही, रविवारी घरी राउटरच्या आत डोकावलो तेव्हा कळले. राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता १०० ने सुरू होत होता आणि त्यापुढचा आकडा होता ७२. इंटरनेटवरची संकेतस्थळे मात्र माझ्या घराचा पत्ता वेगळाच सांगत होती. दोन्ही जुळत नसले तर समजावे की आपल्या अधीक्षकाच्या वर आणखी एक बडा अधीक्षक बसलेला आहे.

त्याची गोष्ट अशी. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जुन्या पत्त्यांचा जागतिक साठा संपला. उरलेले शेवटचे गठ्ठे पाच खंडीय संस्थांना वाटून टाकण्यात आले. त्याच एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा मुक्त साठाही आटला. नेमक्या याच काळानंतर भारतातली खेडी आणि तालुके मोठ्या संख्येने इंटरनेटवर आले. पंगत उठता उठता पोचलेल्या पाहुण्यासारखी आपली गत झाली. मग कंपन्यांनी शेकडो घरे एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवायला सुरुवात केली. २०१२ मध्ये त्यासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते खास राखून ठेवले गेले. माझे ७२ त्याच टप्प्यातले. मी माझ्या राउटरमध्ये किती का दारे उघडेनात, वरच्या अधीक्षकाच्या वहीत माझी सूचना नव्हती आणि त्या वहीपर्यंत माझा हात पोचत नव्हता.

शहापूरच्या माणसाला हे समजायला फार वेळ लागत नाही. १८९२ पासून आमच्या तालुक्यातल्या तानसाचे पाणी मुंबईला जाते. जलवाहिनी गावाशेजारून जाते, तिची चावी गावाच्या हातात नसते आणि मे महिन्यात त्याच गावांना टँकरची वाट बघावी लागते. घरातल्या इंटरनेटचे तसेच. तार दारातून जाते, चावी दुसऱ्याकडे असते.

या गोष्टीला एक उलटी बाजूही आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या महानगरांत सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा विद्यार्थ्यांसाठीचे स्वस्त खाते 'शेल अकाउंट' म्हणून ओळखले जाई. घरच्या फोनवरून मोडेमने निगमच्या संगणकात शिरायचे आणि काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे वाचायची. चित्र नाही, रंग नाही. म्हणजे आपल्याकडे इंटरनेट सामान्य घरात आले तेच मुळी दूरच्या संगणकात लॉगिन करण्याच्या रूपाने. फक्त दिशा उलटी होती. लहान माणूस मोठ्या यंत्राच्या दारात जात होता. आता आपल्याला उलटे हवे आहे, बाहेर असताना स्वतःच्याच घरात शिरायचे आहे. आणि त्या दिशेने वाट बांधलेलीच नाही.

उघडे दार कुणासाठी?

माझ्या दोस्ताने जे दार उघडून दिले होते त्याचा क्रमांक ३३८९. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा हा ठरलेला दरवाजा. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी ४.० ची 'टर्मिनल सर्व्हर' आवृत्ती काढली, त्यात हे तंत्र आले. एका मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याचा मूळ भाग सिट्रिक्स या कंपनीकडून घेतलेला होता. त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेतून व्हीएनसी नावाचे मोफत साधन बाहेर पडले. ते दूरच्या पडद्याचे ठिपकेच उचलून आपल्या पडद्यावर आणते. २००१ मध्ये विंडोज एक्सपीच्या 'प्रोफेशनल' आवृत्तीत रिमोट डेस्कटॉप साध्या मेजावरच्या संगणकापर्यंत पोचला. 'होम' आवृत्तीत मात्र आत येऊ देण्याची सोय ठेवली नाही आणि हा भेद नंतरच्या आवृत्त्यांतही चालू राहिला. कित्येकांचा प्रश्न इथेच अडकतो. नावात 'होम' असलेल्या विंडोजमध्ये घराबाहेरून या मार्गाने शिरताच येत नाही.

आता धोका बघा. ३३८९ हा क्रमांक सगळ्यांना ठाऊक आहे, चोरांनाही. दिवसरात्र यंत्रे जगभरच्या पत्त्यांवर हाच दरवाजा ठोठावत फिरत असतात. मे २०१९ मध्ये जुन्या विंडोजच्या याच भागात एक मोठे भगदाड सापडले. 'ब्लूकीप' या नावाने ते गाजले. पासवर्ड नसतानाही आत शिरता येईल असे ते होते. मायक्रोसॉफ्टने केव्हाच निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा तेव्हा दुरुस्ती काढली, यावरून गांभीर्य लक्षात यावे.

त्यापूर्वीही असेच शिकावे लागले होते. जुन्या टेलनेट पद्धतीत पासवर्ड तारेवरून उघडा जाई. १९९५ मध्ये फिनलंडच्या एका विद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी असे पासवर्ड टिपले. त्या घटनेनंतर तिथल्याच तातु युल्योनेन यांनी एसएसएच हे कुलूपबंद साधन लिहिले. जगभरचे तंत्रज्ञ आजही ते वापरतात. चोरी आधी, कुलूप नंतर, असाच हा इतिहास आहे.

म्हणजे ज्या वरच्या अधीक्षकाला मी दोन दिवस शिव्या घालत होतो, त्याच्यामुळे माझे सताड उघडे ठेवलेले दार चोरांनाही सापडले नव्हते. हे संरक्षण म्हणून बांधलेले नाही, टंचाईतून आलेले आहे. पण त्या उन्हाळ्यात मी वाचलो ते त्याच्यामुळेच.

अब्बांची बोटे

घड्याळात एक पन्नास झाले होते. बाहेरून शिरायचे सगळे मार्ग संपले होते. तेव्हा लहानपणी अब्बांनीच शिकवलेली रीत आठवली. कुणाच्या घरी गेलात तर दार तीनदा ठोठावा, आतून आवाज आला नाही तर परत फिरा. ढकलून आत जाऊ नका. इथे आत तर माणूस होता. मग मी ढकलत का बसलो होतो? त्याला दार उघडायला सांगायला हवे.

विंडोज १० मध्ये २०१६ पासून 'क्विक असिस्ट' नावाची सोय आहे. मदत करणाऱ्याला एक संकेतांक मिळतो. घरच्या माणसाने तो आपल्या संगणकात टाकायचा आणि परवानगी द्यायची. खुबी अशी की दोन्ही संगणक आतून बाहेर जातात आणि मधल्या एका ठिकाणी भेटतात. आतून बाहेरची वाट तर सगळे अधीक्षक मोकळी ठेवतात. २००५ च्या सुमाराला जर्मनीतून आलेले टीमव्ह्यूअर आणि त्यानंतरची बहुतेक साधने याच तत्त्वावर चालतात. शहापूर आणि मुरबाडचे दोन पाहुणे कल्याणच्या स्टँडवर भेटावेत तसे.

पण त्यासाठी अब्बांना कीबोर्डवर बोट ठेवावे लागणार होते.

अब्बा कातिब होते. भिवंडीच्या एका छापखान्यात बटर पेपरवर बोरूने उर्दू मजकूर लिहायचे. लग्नपत्रिका, मदरशाचे अहवाल, मुशायऱ्यांची पोस्टरे. नस्तालिक लिपीत अक्षर शेजाऱ्याला बघून आकार बदलते आणि ओळ उजवीकडून डावीकडे उतरत येते. इंग्रजी खिळ्यांच्या साच्यात ही लिपी मावत नव्हती, म्हणून उर्दू वृत्तपत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही हाताने लिहून छापली जात. १९८१ मध्ये पाकिस्तानच्या मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडआकार लिहून मोनोटाइप कंपनीबरोबर 'नूरी नस्तालिक' संगणकावर आणले आणि लाहोरचे 'जंग' त्यात निघू लागले. १९९४ मध्ये भारतातल्या कन्सेप्ट सॉफ्टवेअरने 'इनपेज' बाजारात आणले. काही वर्षांतच भिवंडीच्या त्या छापखान्यात संगणक आला. अब्बांची बोरू-दौत कपाटात गेली आणि अब्बा घरी आले. ते त्याबद्दल कधी तक्रार करत नाहीत. फक्त माझ्या खोलीत संगणक सुरू असला की उंबऱ्यावरूनच बोलतात.

हे सगळे मला ठाऊक असताना मी फोनवर म्हटले, "अब्बा, खालांचं काम आहे. निकाहनामा. आज दिला नाही तर आणखी महिना जाईल. तुम्हाला दोन-चार बटणं दाबावी लागतील."

बराच वेळ काही आवाज आला नाही. मग खुर्ची ओढल्याचा आवाज.

"सांग."

"खालच्या ओळीत अगदी डावीकडे कंट्रोल लिहिलंय. ते धरून ठेवा. त्याच ओळीत खिडकीसारखी खूण आहे, तीपण धरा. आता वरचं क्यू दाबा."

"तीन-तीन एकदम? दोन हात लागतील. फोन कुठे ठेवू?"

फोन स्पीकरवर टाकून मेजावर ठेवला गेला. पहिल्यांदा चुकले, दुसऱ्यांदा चुकले, तिसऱ्यांदा खिडकी उघडली. मी संकेतांक एकेक करून सांगितला. अब्बा प्रत्येक खूण मोठ्याने उच्चारून दाबत होते. एकदा म्हणाले, "ही अक्षरं कुणी लावली अशी? ए नंतर एस?" मी म्हटले, टाइपरायटरवाल्यांनी. "त्यांना मुळाक्षरं येत नव्हती वाटतं."

मग पडद्यावर परवानगीचा प्रश्न आला. अब्बांनी माउस सरकवला, बाण हरवला, पुन्हा सापडला. "अलाउ लिहिलंय. दाबू?"

"दाबा."

दोन वाजून अकरा मिनिटांनी मुरबाडच्या पडद्यावर माझी शहापूरची खोली उघडली. पडद्यामागचे चित्र म्हणजे मुलीचा शाळेतला फोटो. अब्बांना वाटले आपण काहीतरी बिघडवले, कारण बाण आपोआप फिरू लागला होता. "मी हलवतोय अब्बा," असे सांगावे लागले.

अक्षरे पोचतात का?

तर्जुमा सापडला. मी घाईत तीच फाइल स्वतःला मेल करून शाळेत उघडली. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा झालेला.

कारण जुनेच. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, पण विंडोजमध्ये देवनागरी नीट बसायला २००० साल उजाडले. तोपर्यंत आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे मराठी डीटीपी ज्या फॉन्टांत चालले, त्यांत संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असायचे, फक्त त्यावर मराठी चेहरा चढवलेला. तो फॉन्ट ज्या यंत्रावर नाही तिथे चेहरा गळून पडतो. माझ्या हाताला सवय अशाच जुन्या फॉन्टची आणि उर्दूची बाजू इनपेजमध्ये. म्हणूनच मला फाइल नको होती, अख्खा संगणक हवा होता. दूरून पडदा बघताना फॉन्ट तिकडचा, अक्षरे तिकडची, आपल्याकडे फक्त त्यांचे दर्शन येते.

मग तिकडेच, घरच्या संगणकात, दोन्ही पानांची पीडीएफ केली. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बांधून जातो. ती तिथूनच खालांच्या मुलाला पाठवली. दोन वाजून बावीस मिनिटे. सुपरव्हिजनला मी वेळेत पोचलो. तीनच्या सुमाराला त्याचा संदेश आला: दिले, सर. पुढच्या महिन्यात खालांच्या खात्यात पैसे जमा झाले.

आता काय बदलले

ज्यांना ही अडचण येते त्यांच्यासाठी क्रम सांगून ठेवतो. आधी वीज आणि संगणक झोपला आहे का ते बघा. वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू होईल आणि दिवसा झोपणार नाही असे करून ठेवा. विंडोज 'होम' आहे की 'प्रो' ते बघा. १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारा पत्ता घराबाहेर निरुपयोगी आहे हे लक्षात ठेवा. राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर पोर्ट उघडण्यात वेळ घालवू नका. नसेल तरीही ३३८९ बाहेर उघडे ठेवू नका. आणि कुठलीही सोय घरात चालली म्हणून चालली असे समजू नका. मोबाइलच्या डेटावरून, म्हणजे खरोखर बाहेरून, एकदा तपासा.

माझ्या राउटरमधले ते दार मी बंद केले. त्याजागी वायरगार्डवर चालणारे एक खासगी जाळे बसवले. यात घरचा संगणक आतूनच हाक देऊन ठेवतो आणि माझ्याच ठरवलेल्या यंत्रांना ओळखतो. कायमचा उपाय १२८ बिटांचे नवे पत्ते, आयपीव्ही ६. ते इतके आहेत की प्रत्येक घराला, प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळावा. भारतात त्यांचा प्रसार चांगला आहे, निम्म्याहून अधिक वापरकर्त्यांपर्यंत ते पोचले आहेत. आमच्या शाळेच्या जोडणीवर मात्र अजून नाहीत. आणि पत्ता मिळाला तरी दाराला कुलूप लागेलच.

एक इशारा दिल्याशिवाय लेख संपवता येत नाही. ज्या सोयीने अब्बांनी मला आत घेतले, त्याच सोयीने रोज कितीतरी लोक लुटले जातात. फोन येतो, बँकेतून बोलतोय म्हणतात, एखादे ॲप उतरवून घ्या म्हणतात आणि संकेतांक विचारतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना याच प्रकाराबद्दल सावध केले होते. म्हणून नियम एकच. ज्याला तुम्ही स्वतः फोन लावलात, ज्याचा आवाज ओळखता, त्याच्यासाठीच दार उघडा. स्वतःहून आलेल्या अनोळखी आवाजाने कितीही घाई केली तरी 'अलाउ' दाबू नका. घाई करतो तो बहुतेक चोरच असतो.

त्या संध्याकाळी शहापूरला पोचलो तेव्हा अब्बा माझ्या खोलीत, माझ्या खुर्चीवर बसलेले होते. संगणक चालूच होता. बंद कसा करायचा हे मी सांगायला विसरलो होतो आणि न विचारता बंद करणे त्यांना बरोबर वाटले नव्हते. पडद्यावर खालांच्या निकाहनाम्याचे स्कॅन उघडे होते. अब्बा चष्मा कपाळावर चढवून ते अगदी जवळून बघत होते.

"काझीसाहेबांचा हात चांगला होता," ते म्हणाले. "पण हे नून बघ. घाईत ओढलंय. हे मोठं करून दाखव जरा."

मी दाखवले. कसे करायचे तेही दाखवले.